एलादिओने वाजवणं थांबवलं

माझा धाकटा भाऊ एलादिओ रडका आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं, मध्ये खोळंबा नको. सदुसष्ट वर्षांचा बाप्या आहे, चांगल्या झुपकेदार मिश्या आहेत, आणि अजूनही शेजारच्या अंगणात कुणी गाढवाला काठी घातली की ह्याचे डोळे भरून येतात. आमच्या सांता एल्विरा गावाने त्याला आजवर नऊ नावं ठेवली. त्यातलं 'लाजाळू' हे सगळ्यात सभ्य. बाकीची मी सांगणार नाही, कारण त्यातली दोन मीच ठेवली होती.

आमचा बाप फुल्हेन्सिओ बाजारात डुकराचं मटण विकायचा. डिसेंबर लागला की आमच्या अंगणात दर पहाटे एक डुक्कर पडायचं. आम्ही बाकीची भावंडं त्या किंकाळ्यांत गाढ झोपायचो. एलादिओ मात्र आदल्या संध्याकाळपासूनच जेवायचा नाही. डुकराला खुंट्याला बांधताना बघितलं की त्याला कळायचं, आणि एकदा कळलं की ते त्याच्या पोटात जाऊन बसायचं. डुकराचंच असं नाही. आईने चुलीपाशी भांडं कसं ठेवलं, त्या आवाजावरून तो मला सांगायचा की आज बाबा आईला काहीतरी लागेलसं बोलले आहेत. खरखरीत सदरा अंगात घातला की मानेवर चट्टे उठायचे. जत्रेत फटाके फुटायला लागले की तो नदीकाठी जाऊन पालथ्या होडीखाली झोपायचा. आईने त्याला तिथून ओढून आणलं की गल्लीतली पोरं फटाक्यांचा आवाज तोंडाने काढत मागे यायची. मीही त्यांच्यात असायचे. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि असला भाऊ असणं म्हणजे शाळेत काय भोगावं लागतं ते मलाच माहीत.

बापाने उपाय केले. आधी गावातल्या मंत्र घालणाऱ्या म्हातारीला बोलावलं. ती तीन शुक्रवार आली, तुळस आणि रम चोळली, पुटपुटली, आणि तिसऱ्या शुक्रवारी हात धुऊन म्हणाली की ह्या पोराच्या अंगावर एक कातडं कमी आहे, ते मला शिवता येत नाही. बापाला हे पटलं नाही. त्याच्या मते पोराला फक्त सवय नव्हती. म्हणून एलादिओ नऊ वर्षांचा असताना त्याने त्याला पहाटे उठवलं आणि डुक्कर कापताना रक्ताचं भांडं धरायला लावलं.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. एलादिओने भांडं धरलं. एक थेंबही सांडला नाही. भरलेलं भांडं त्याने अलगद जमिनीवर ठेवलं, लिंबाच्या झाडामागे गेला, पोटात होतं नव्हतं ते बाहेर काढलं, तोंड पुसलं आणि परत येऊन बापासमोर उभा राहिला. बाप खूश होता.

"झालास ना आता पुरुष?"

"मी आधीपासूनच आहे, बाबा. मला त्रास होतो, एवढंच."

बापाने त्याच्या कानाखाली आवाज काढला. एलादिओ रडला, पण बोललेलं मागे घेतलं नाही. तेव्हा मला तो नुसता हट्टी वाटला. बापाला उलट उत्तर दिल्याबद्दल मी त्याच्यावरच चिडले होते.

चौदाव्या वर्षी तो मास्तर तिर्सो ओयोस यांच्या बँडमध्ये गेला. आमच्याकडे प्रत्येक गावाला आपला बँड असतो, जन्मापासून मरणापर्यंत त्याच्याशिवाय पान हलत नाही. मास्तरांनी त्याच्या मांडीवर बोंबार्दिनो दिला. हे मोठं पितळी वाद्य, झोपलेलं मूल घ्यावं तसं कुशीत धरायचं, आणि त्याचा आवाज जाड, खालचा, मऊ. वर कर्णेवाले आरडाओरडा करून टाळ्या घेतात, पण खालून घर सांभाळतो तो बोंबार्दिनो. तो नीट असला की पोर्रोची, म्हणजे आमच्याकडच्या नाचाच्या गाण्याची, चाल पायाखालच्या जमिनीसारखी वाटते.

लोक विचारायचे, फटाक्यांना घाबरणारा हा बँडमध्ये कसा बसतो? तो सांगायचा की आवाजाच्या आत बसलं की आवाज लागत नाही, बाहेर उभं राहिलं की लागतो. मला ते कळलं नाही, पण तो वाजवायला लागला की मला नाचावंसं वाटायचं, एवढं खरं. कर्णेवाल्यांना मात्र तो नकोसा होता. एखादा सूर केसभर खाली गेला तरी ह्याचा चेहरा आंबट व्हायचा, आणि तो चेहरा त्याला लपवता यायचा नाही. ते म्हणायचे, ह्याला घरी आईजवळ बसवा. मास्तर म्हणायचे, तो रडो की हसो, वाजवतोय ना? आणि त्याला ठेवून घ्यायचे.

आता कोरालेहाबद्दल सांगायला हवं. जानेवारीत संताच्या जत्रेला गावाबाहेर लाकूड आणि दोर यांचं तीन मजली रिंगण उभं राहतं. पाच दिवस, रोज दुपारी, तीस-चाळीस बैल. बैल जमीनदारांचे असतात आणि आत उतरतात ती आपली माणसं. कुणी फडकं घेऊन, कुणी छत्री घेऊन, कुणी नुसता दारू पिऊन. वरच्या मजल्यावर जमीनदार आणि त्यांचे पाहुणे, खालच्या फळ्यांवर बँड. आणि बँडला एक नियम आहे, जो कुठे लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ आहे: बैलाने माणसाला उचललं तर थांबायचं नाही. उलट लय वाढवायची. कुणी म्हणतं, गर्दीत घबराट होऊ नये म्हणून. मी कितीतरी वर्षं रिंगणाच्या खाली मक्याच्या पिठाच्या, आत अंडं घातलेल्या अरेपा तळल्या आहेत. मी सांगते, ते लोकांना काही ऐकू येऊ नये म्हणून असतं.

एलादिओने तिथे चौदा जत्रा वाजवलं. डोळे मिटून वाजवायचा. जत्रा संपली की दोन-तीन दिवस अंधाऱ्या खोलीत झोपून राहायचा, खिडकीला घोंगडी लावून. मी त्याला सुरणाचं सूप नेऊन द्यायचे आणि दारातून म्हणायचे की लोकांचे हातपाय मोडले आणि पडून तू राहिलास. तो वाटी घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा.

पंधराव्या जत्रेच्या तिसऱ्या दुपारी ओविदिओ आत उतरला. हा आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचा, वर्षभर गाडीवर बर्फाचे गोळे विकायचा आणि जत्रेत लाल फडकं घेऊन बैलापुढे नाचायचा. नाचायचा छानच. त्या दिवशी बैल काळा होता, एका शिंगाचं टोक तुटलेलं. ओविदिओने त्याला दोनदा चुकवलं, वरून टाळ्या पडल्या, आणि तिसऱ्यांदा तो बँडच्या फळ्यांना पाठ लावून उभा राहिला. शिंग मांडीतून आत गेलं आणि पोटाकडे वर आलं. हे सगळं एलादिओच्या पायांपासून दोन हातांवर घडलं. मी कढई सोडून उभी राहिले होते.

कर्णेवाल्यांनी लय वाढवली. ढोलकऱ्याने काठ्या उचलल्या. आणि एलादिओने बोंबार्दिनो ओठांवरून काढला, मांडीवर आडवा ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

जमीन काढून घेतल्यावर घराचं जे होतं ते चालीचं झालं. कर्णे दोन पावलं पुढे गेले, अडखळले, एकाने चुकीचा सूर लावला, मग दुसरा थांबला, मग ढोल. अर्धा मिनिट, फार तर. पण त्या अर्ध्या मिनिटात सांता एल्विराच्या कोरालेहात पहिल्यांदा शांतता झाली, आणि त्या शांततेत तीन मजल्यांवरच्या सगळ्या माणसांना ओविदिओ ऐकू आला. तो ओरडत नव्हता. तो आईला हाक मारत होता, लहान मूल मारतं तशी, हळू आणि पुन्हा पुन्हा. त्याची आई माझ्या शेजारी उभी होती.

मग वरून आमादेओ मालकाचा आवाज आला. बैल त्यांचे होते, त्या दिवसाचा खर्चही त्यांचा. ते रागावले नव्हते, हुकूम द्यायची सवय असलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"मास्तर, वाजवा."

एलादिओ उभा राहिला. त्याचा चेहरा पाण्याने भिजला होता आणि त्याने तो पुसलासुद्धा नाही. तो वर बघून म्हणाला, "माणूस हाक मारतोय. ती आधी ऐका, मग वाजवतो."

गर्दीने काय केलं? शिट्ट्या मारल्या. संत्र्याची सालं आणि बिअरचे डबे फेकले. ओविदिओला चौघांनी उचलून नेलं, मास्तरांनी बोंबार्दिनोशिवायच चाल सुरू केली, लंगडी तर लंगडी. एलादिओ फळ्यांवरून उतरला आणि त्या सालांच्या माऱ्यातून चालत घरी गेला. धावला नाही. मी कढईपाशीच थांबले. मी त्याच्या मागे गेले नाही, हे मी इथे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला कुणीतरी दूध पाजायची बाटली टांगली होती, आणि एक परकर. मी ते काढलं आणि आत जाऊन एलादिओवर ओरडले. बाटली टांगणाऱ्यांवर नाही, त्याच्यावर. त्याला म्हटलं, तुझ्यामुळे मला आता बाजारात मान वर करता येणार नाही.

दहाच्या सुमारास मास्तर तिर्सो आले. अंगणातल्या डुलत्या खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, कॉफी घेतली. गल्लीतले लोक कुंपणाला येऊन टेकले होते, कारण गावात असल्या गोष्टी बंद दाराआड होत नाहीत. मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांना सतरा वादकांची पोटं सांभाळायची होती. ते म्हणाले की सगळं मिटतं आहे, मालकांना मी सांगितलंय की तुला ऊन लागलं होतं. तू फक्त जाऊन तेवढंच सांग आणि उद्यापासून ये. ऊन कुणालाही लागतं, त्यात लाज नाही.

माझा जीव भांड्यात पडला. मी एलादिओच्या मागे उभी होते, त्याला पाठीत बोट टोचून म्हटलं, हो म्हण.

"मला ऊन लागलं नव्हतं, मास्तर," एलादिओ म्हणाला. "ओविदिओला शिंग लागलं होतं."

"ते सगळ्यांनीच बघितलं रे."

"बघितलं ना? मग ऊन कशाला मध्ये आणता?"

मास्तरांनी त्याला समजावलं की बाकीच्या सोळा जणांनाही मन आहे, तेही माणसंच आहेत. एलादिओ म्हणाला, हो, आहे, म्हणून तर लय वाढवावी लागते. मास्तरांनी टोपी डोक्यावर चढवली. उठताना त्यांनी बोंबार्दिनो मागितला, कारण तो बँडचा होता. एलादिओने तो आतून आणला, फडक्याने पुसला, तोंडाकडचा तुकडा घट्ट केला आणि त्यांच्या हातात दिला. तेव्हाही रडत होता. कुंपणापलीकडून कुणीतरी बाळाच्या रडण्याचा आवाज काढला आणि गल्ली हसली.

बाप त्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारीनासा झाला. माझ्याशी बोलताना 'तुझी ती बहीण' म्हणायचा. मरेपर्यंत तेच म्हणाला.

ओविदिओ मेला नाही. साडेतीन महिन्यांनी शहराच्या दवाखान्यातून परत आला, एक पाय ओढत. लोकांना वाटलं, हा तरी एलादिओचे आभार मानेल. पण ओविदिओला जे झालं त्यापेक्षा जे ऐकू गेलं त्याची लाज जास्त होती. अख्ख्या गावाने त्याला आईला हाक मारताना ऐकलं होतं. माझ्या अरेपांच्या गाड्यावर येऊन, दहा माणसांसमोर, त्याने एलादिओला सुनावलं की मी मेल्यावर रड, जिवंतपणी माझी अब्रू घेऊ नकोस. मी पुढच्या जत्रेत पुन्हा उतरणार आहे.

"उतर," एलादिओ म्हणाला. "मी तुझ्यासाठी थांबलो नव्हतो. माझ्यासाठी थांबलो होतो. मला पुढे वाजवता आलं नाही, म्हणून नाही वाजवलं."

 ओविदिओ अरेपा घेऊन निघून गेला. पुढच्या जत्रेत तो खरंच उतरला, लंगडत.

वाद्य गेल्यावर एलादिओ टोप्या विणायला बसला. आमच्याकडे वेताच्या पातीचे धागे काढून त्यांची वेणी घालतात आणि वेणीची टोपी शिवतात. वेणी घालणं बायकांचं काम. तो आठ बायकांत एकटा पुरुष, त्यामुळे गावाला दहावं नाव सुचेल असं मला वाटलं होतं, पण तोवर गाव कंटाळलं असावं. तिथेच त्याची बेत्साबेशी ओळख झाली. ही विधवा, दोन मुलींची आई, जिभेने तिखट. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की बाई, विचार कर, हा रडतो. तिने विणणंही थांबवलं नाही. म्हणाली, "माझा पहिला नवरा सहा वर्षांत एकदाही रडला नाही. फक्त मारायचा."

त्यानंतर मी तिला पुन्हा काही शिकवायला गेले नाही.

इकडे बँडचं बरं चाललं नव्हतं. मास्तरांनी दोन नवे बोंबार्दिनोवाले आणून बघितले. एक प्यायचा, दुसऱ्याचा दम पुरायचा नाही. शेजारच्या गावाचा बँड आमच्याहून सरस वाजवतो असं लोक उघड बोलायला लागले, आणि ते आमादेओ मालकांच्या फार जिव्हारी लागलं, कारण जत्रेत सगळ्यात मोठा पैसा त्यांचा होता. तिसऱ्या वर्षी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, त्यांची जीप आमच्या दारात थांबली. चालकाने एक काळी पेटी उतरवून अंगणात टेबलावर ठेवली. निरोप असा होता: पाच दुपारी वाजव, झालं गेलं विसरू, आणि पेटीत आहे ते तुझं. कायमचं.

पेटीत निळ्या मखमलीवर बोंबार्दिनो होता. नवाकोरा, परदेशी, चांदीचा मुलामा दिलेला. त्यात आपलं तोंड दिसत होतं. गल्ली जमली. बेत्साबे मुलींना घेऊन दारात उभी राहिली. सगळे सांगायला लागले, घे रे, देव दोनदा दार वाजवत नाही. माझ्याही ओठांवर तेच होतं.

एलादिओने हात धुतले. वाद्य उचललं, कुशीत घेतलं, कळा दाबून बघितल्या. मग खुर्ची लिंबाच्या सावलीत ओढली आणि वाजवायला लागला.

तीन वर्षं त्याने ओठांना पितळ लावलं नव्हतं. पहिले काही सूर फाटले. मग चाल सापडली. एक जुना पोर्रो होता, सबंध, एकट्याचा. वर कर्णे नाहीत, मागे ढोल नाही, तरी आम्हाला ते सगळं ऐकू येत होतं, कारण खाली काय हवं ते तो बरोबर तिथे ठेवत होता. जीपचा चालक इंजिन बंद करून उतरला. समोरच्या घरातली नव्वदीची म्हातारी काठी टाकून दोन पावलं नाचली. मला ते ऐकताना पहिल्यांदाच जाणवलं की तीन वर्षं हा काय सोडून बसलाय. मी तोवर समजत होते की त्याने एक नोकरी घालवली.

चाल संपली. त्याने वाद्यातलं पाणी काढलं, फडक्याने ते आतून-बाहेरून पुसलं, मखमलीत ठेवलं, पेटीचे खटके लावले. गाल ओले, मिश्या ओल्या. चालकाला म्हणाला, मालकांना सांग, फार चांगलं वाद्य आहे. जत्रेत मी वाजवणार नाही. परत ने.

चालक पेटीला हात लावेना. मालकांनी ठेवून यायला सांगितलंय, परत आणायला नाही, म्हणाला, आणि जीप घेऊन गेला. पेटी टेबलावर राहिली. लोक हळूहळू पांगले. एलादिओ पेटीकडे पाठ करून बसला होता आणि मला दिसत होतं की ती तिथे रात्रभर राहिली तर हा मरेल.

मी डोक्यावर चुंबळ ठेवली, बेत्साबेने हात दिला, आणि मी पेटी उचलली. मालकांचं घर चौकात, चर्चच्या समोर. भर दुपारी मी ती पेटी डोक्यावर घेऊन अख्ख्या गावातून चालत गेले. ज्या बाजारात मान वर करता येणार नाही असं मी म्हटलं होतं, त्याच बाजारातून. डोक्यावर ओझं असलं की मान वर ठेवावीच लागते.

आमादेओ मालक व्हरांड्यात बसले होते. मी पेटी पायरीवर ठेवली. त्यांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झालं? रडत बसलाय का तुझा भाऊ?"

"हो, मालक. रडतोय," मी म्हटलं. "आणि रडत रडत नाही म्हणतोय."

त्यांच्या व्हरांड्यात आणखी चार माणसं होती. कुणी हसलं नाही. मालक म्हणाले की मग त्याला सांग, ह्या गावात त्याला कुणी कधी वाजवायला बोलावणार नाही. मी म्हटलं, सांगते. आणि चुंबळ काखेत मारून परत आले. 

मालकांनी शब्द पाळला. चार वर्षं एलादिओला कुणी बोलावलं नाही, ना लग्नाला, ना मयताला. मग मास्तर तिर्सोंची बायको गेली. मास्तर तोवर म्हातारे झाले होते, बँड दुसऱ्याच्या हाती गेला होता. त्यांनी जुना, पोचे पडलेला बोंबार्दिनो स्वतः खांद्यावर घेऊन आणला आणि विचारलं की माझ्या बाईला पोचवायला येशील का, पण लोक बोलतील. एलादिओ म्हणाला, लोकांना बोलू द्या, मास्तर, तेही येतीलच. तो शवपेटीच्या मागे चर्चपासून स्मशानापर्यंत वाजवत गेला, धाय मोकलून रडत. सूर मात्र एकदाही हलला नाही. लोकांनी ते बघितलं. मास्तरांनी वाद्य परत नेलं नाही.

तेव्हापासून तो मयताला वाजवतो, बारशाला वाजवतो, संताच्या मिरवणुकीत वाजवतो. कोरालेहात नाही. जानेवारीत रिंगण उभं राहायला लागलं की तो आणि बेत्साबे पाच दिवसांसाठी नदीपलीकडे तिच्या बहिणीकडे जातात. जत्रा आजही भरते, माणसं आजही उतरतात, बँड आजही लय वाढवतो. माझ्या भावाने गाव बदललं असं काही मी सांगत नाहीये. गावानेही त्याला बदललं नाही, एवढंच सांगतेय.

माझी नात दानीस, मोंतेरिया शहरातल्या कॉलेजात शिकते. गेल्या सुट्टीत ती म्हणाली की आजी, मामाआजोबांसारख्या माणसांना आता नाव आहे, अतिसंवेदनशील म्हणतात, शंभरात पंधरा-वीस असतात. तिने एलादिओला प्रश्नांची यादी वाचून दाखवली. कपडे टोचतात का, मोठे आवाज सहन होतात का, दुसऱ्याचा मूड लगेच कळतो का. तो प्रत्येकाला हो म्हणत गेला. शेवटी त्याने विचारलं, हा आजार आहे का? दानीस म्हणाली, नाही. "मग बरं," तो म्हणाला, "म्हणजे औषध घ्यायला नको." आणि शंभरात वीस ऐकून त्याला आश्चर्य वाटलं. म्हणाला, म्हणजे ह्या गावात निदान दोनशे जण असतील. कुठे लपून बसलेत सगळे?

मागच्या महिन्यात आम्ही दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे शहरात गेलो होतो. परतीच्या बसमध्ये चालकाने गाणी लावली होती, इतकी मोठ्याने की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. अर्धी बस कपाळाला हात लावून बसली होती, पण कुणी बोलेना. एलादिओ पुढे गेला आणि सभ्यपणे म्हणाला की जरा कमी करा, त्रास होतोय. चालक आरशात बघून हसला. म्हणाला, आजोबा, एवढे नाजूक असाल तर पायी जा.

"ठीक आहे," एलादिओ म्हणाला. "थांबवा."

बस थांबली. तो उतरला. भर उन्हात, गावापासून चार किलोमीटरवर, हातात औषधाची पिशवी घेऊन. चालकाने गिअर टाकला तेवढ्यात मी ओरडले की थांब रे, आणि मीही उठले. एकाहत्तर वर्षांची आहे मी, दोन्ही गुडघे गेलेले. पायरी उतरताना चालक म्हणाला, तुम्हालाही त्रास होतो का, आजी?

"मला नाही होत," मी म्हटलं. "त्याला होतो ना."

माझ्या मागून एक बाई उतरली, कोंबड्यांची टोपली घेऊन. मग आणखी एक माणूस, मला अनोळखी.  बस धूळ उडवत गेली, आणि आम्ही चौघं रस्त्याच्या कडेने, जिथे जिथे झाडाची सावली होती तिथून, चालायला लागलो.